परागकाकूंची मोफत नोंदणी

कॉलेजात त्यांचं खरं नाव दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं, हजेरीच्या मस्टरवर आणि पगाराच्या पत्रकात. बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना परागकाकू म्हणत.

वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून त्या लागल्या, तेव्हा बाटल्या धुवायच्या, काचपट्ट्या पुसायच्या आणि विद्यार्थ्यांनी तोडलेल्या चिमट्यांची यादी ठेवायची एवढंच काम होतं. मग एकोणीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, कॉलेजच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं. यंत्र हवा आत ओढायचं, आणि आत हळूहळू फिरणाऱ्या डब्यावरच्या चिकट पट्टीला हवेतले परागकण येऊन चिकटायचे. आठवड्यानं पट्टी काढायची, तिचे दिवसाप्रमाणे सात तुकडे करायचे, काचपट्टीवर चढवायचे, गुलाबी रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजायचा. मोठ्या सरांनी काकूंना आठ दिवस शेजारी बसवून हे शिकवलं आणि म्हणाले, "बाई, आता हे तुमचं. खाडा करू नका."

पुढच्या वर्षी मोठे सर निवृत्त झाले. खाडा करू नका म्हणून सांगितलं होतं, थांबा म्हणून कुणी सांगितलं नाही. काकू मोजत राहिल्या.

गवताचे कण गोल आणि गुळगुळीत, सूर्यफुलाच्या गोतावळ्यातले काटेरी, पाइनचे दोन कानांचे. काकूंना ते घरच्या माणसांसारखे ओळखू यायचे. "आज गवताची मंडळी फार आलीत," असं त्या सहज म्हणून जायच्या आणि नवीन विद्यार्थी दाराकडे बघायचे. दर सोमवारी सरकारी इस्पितळातल्या दम्याच्या दवाखान्यातून तिथल्या सिस्टरचा फोन यायचा. काकू आकडे सांगायच्या, सिस्टर ते खडूनं बाहेरच्या फळ्यावर लिहायच्या, आणि आकडा मोठा असला की दम्याचे पेशंट खिडक्या लावून घ्यायचे. या कामासाठी कॉलेजात फाइल नव्हती, समिती नव्हती. एकोणीस वर्षं ते सुरळीत चालण्याचं कारण बहुधा हेच असावं.

मग काकूंचे डोळे दुखायला लागले. संध्याकाळी घरी गेल्यावर भिंतीवर गुलाबी ठिपके दिसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उजेड पाडून तपासलं आणि विचारलं, "तुम्ही करता काय?"

"मोजते."

"काय मोजता?"

काकूंनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून स्वतःचेच डोळे चोळले. "आठवड्यात एक काचपट्टी बघा. एकच. आणि मध्ये उठून लांब कुठेतरी बघत जा. नाहीतर दोन वर्षांनी तुम्हाला भाकरी आणि ताट वेगळं दिसणार नाही."

आठवड्याच्या सात काचपट्ट्या आणि परवानगी एकीची.

त्याच सुमारास प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक आले. चहा होईपर्यंत ते प्रयोगशाळेत हिंडत होते. काकूंना मान मोडून बसलेलं पाहून ते थबकले.

"बाई, अजून हातानं मोजता? अहो, आता सॉफ्टवेअर आहे. फोटो काढायचा, त्याला द्यायचा, ते मोजून देतं."

"केवढ्याला पडतं?"

"मोफत! संशोधनासाठी एकदम मोफत. नुसती नोंदणी करायची." त्यांनी कोऱ्या पुरवणीच्या कोपऱ्यावर पत्ता लिहून दिला, चहा घेतला आणि सगळ्या मुलांना पास करून गेले.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा होता, कॅमेऱ्याला संगणक जोडलेला होता. काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुऊन, चष्मा पुसून तो पत्ता उघडला. वर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: शैक्षणिक संशोधनासाठी मोफत. त्याखाली बटण होतं: नोंदणी करा.

पहिल्या चौकटीत नाव. ते काकूंनी लिहिलं. दुसऱ्या चौकटीत पद, आणि त्यात सहा पर्याय. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, पीएच.डी. विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी, इतर. काकूंनी 'इतर' निवडलं. लगेच खाली नवीन चौकट उघडली: कृपया स्पष्ट करा. आपण इतर का आहोत हे स्पष्ट करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. काकूंनी 'प्रयोगशाळा सहायक' असं लिहिलं. तिसऱ्या चौकटीत ईमेल. वीजबिलासाठी काढलेला स्वतःचा ईमेल त्यांनी घातला, आणि पानभर लाल झालं. संस्थेचा ईमेल आवश्यक आहे.

म्हणून काकू तळमजल्यावरच्या संगणकवाल्या सरांकडे गेल्या. हे सर थंड खोलीत स्वेटर घालून बसत आणि दार उघडं राहिलं की ओरडत.

"दार! हां. बोला काकू."

"मला कॉलेजचा ईमेल पाहिजे."

"शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना ईमेल नाही."

"का नाही?"

"आजपर्यंत कुणी मागितला नाही."

"मी मागतेय की."

"तुम्हाला दिला तर सगळे मागतील."

"मुलांना आहे ना पण? परवा एक मुलगा कॉलेजच्या ईमेलवरून माझ्याकडे चिमटा मागत होता."

"विद्यार्थ्यांना प्रवेश घेतला की आपोआप मिळतो." संगणकवाले सर विचारात पडले. माणूस वाईट नव्हता, मदत करायची त्यांना खरंच इच्छा होती. "काकू, असं करा ना. पहिल्या वर्षाला प्रवेश घ्या. शेवटची तारीख अजून गेलेली नाही."

ते चेष्टा करत नव्हते, त्यांनी प्रवेशाचं पान उघडलंसुद्धा. आणि खरं सांगायचं तर, चोपन्न वर्षांच्या काकूंनीही अर्धा मिनिट विचार केला. मग पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला चिमटे कोण देणार, आणि आपणच आपल्याकडून तोडला तर यादीत नाव कुणाचं, असं मनात आलं आणि त्या दार लावून वर आल्या.

संस्थेचा ईमेल नसल्यास संस्थेच्या लेटरहेडवर पत्र जोडावं, असं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षर वाचणं हा काकूंचा धंदाच. त्या हेडक्लार्कांकडे गेल्या. लेटरहेडचे कागद हेडक्लार्कांच्या कपाटात कुलपात असत आणि किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम अंगावर.

"कशाला पाहिजे?"

"सॉफ्टवेअर घ्यायचंय."

"म्हणजे खरेदी."

"नाही हो भाऊसाहेब, फुकट आहे."

"म्हणजे फुकट खरेदी." हेडक्लार्कांनी कोरी फाइल ओढली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: निःशुल्क वस्तूंची खरेदी. स्वतःच्या अक्षराकडे त्यांनी क्षणभर कौतुकानं बघितलं. "तीन कोटेशनं आणा."

"फुकटच्या गोष्टीला?"

"नियम वस्तूला आहे, किमतीला नाही."

काकूंनी त्या पानाची प्रत काढून आणली. किंमत: शून्य.

"हे एक झालं," हेडक्लार्क म्हणाले. "अजून दोन."

"फुकट देणारे आणखी दोघं मी कुठून आणू?"

"तेच तर! स्पर्धा दिसली पाहिजे. उद्या कुणी विचारलं की याच्याकडूनच फुकट का घेतलं, तर मी काय सांगू? आणि मोडलं तर जबाबदार कोण? कुठल्या कपाटात ठेवणार? त्याचा आकार काय?"

"त्याला आकार नसतो, भाऊसाहेब."

"आकार नाही," असं हेडक्लार्कांनी टिपून घेतलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि फाइल खरेदी समितीकडे पाठवली. खरेदी समितीची बैठक दोन महिन्यांनी होती.

आता उरले विभागप्रमुख. हे सर काकूंपेक्षा बारा वर्षांनी लहान, गोड बोलणारे, कायम कुठल्यातरी परिषदेहून आलेले किंवा कुठल्यातरी परिषदेला निघालेले. काकूंच्या वह्यांतल्या आकड्यांवर त्यांचे सात शोधनिबंध छापून आले होते. सहांमध्ये काकूंचा उल्लेख नव्हता. सातव्यात शेवटी 'विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार' होते, आणि ते काकूंना वाचून दाखवताना सरांचा आवाज भरून आला होता.

"अहो काकू, एवढंच ना? मी करतो नोंदणी. माझ्याकडे ईमेल आहे, पद आहे, सगळं आहे." आणि खरोखरच सर लगेच बसले. दहा मिनिटांनी त्यांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर चौकट होती: संशोधनाचा उद्देश, दोनशे शब्द.

"काकू," सर आवाज खाली आणून म्हणाले, "आपण नक्की काय करतो?"

काकूंनी सांगितलं. पट्टी कशी काढायची, कुठे कापायची, रंग किती थेंब, ओळी किती, कुठला कण कसा दिसतो, दवाखान्यात आकडा का लागतो. सर टाइप करत गेले. काकू "मी मोजते" म्हणाल्या की सर "मोजले जाते" असं लिहायचे. त्या दोनशे शब्दांत चोपन्न वेळा काहीतरी केलं जात होतं आणि करणारं कुणीच नव्हतं. काकूंना वाचून हसू आलं, पण काम होतंय म्हणून त्या मूग गिळून बसल्या.

नोंदणी झाली. आठ दिवसांनी मंजुरी आली, आणि मग खरं घोडं अडलं. सॉफ्टवेअर ज्या संगणकावर उतरवायचं, त्या एकाच संगणकावर ते चालणार. सरांनी ते स्वतःच्या केबिनमधल्या संगणकावर उतरवून घेतलं. कॅमेरा प्रयोगशाळेत, सॉफ्टवेअर केबिनमध्ये, केबिनला कुलूप आणि सर चार महिन्यांच्या अभ्यासदौऱ्यावर. काकूंनी फोन केला.

"सर, किल्ली शिपायाकडून घेते. फक्त पासवर्ड सांगता?"

"अहो काकू, पासवर्ड असा फोनवर? नियमांत स्पष्ट लिहिलंय, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. उद्या मोफत बंद केलं तर? आपण संशोधक माणसं, आपणच असं करायचं म्हणजे..."

पाठीमागून कुणीतरी सरांना फोटोसाठी बोलावलं आणि फोन बंद झाला.

अशा रीतीनं परागकण मोजायचं सॉफ्टवेअर कॉलेजात आलं. वार्षिक अहवालात छापलं गेलं की विभागानं अद्ययावत संगणकीय परागगणना सुरू केली. ज्या दिवशी अहवाल वाटला त्या दिवशी काकू आठवड्यातली त्यांची एकमेव काचपट्टी मोजत होत्या.

सोमवारी सिस्टरांचा फोन येई. काकू एका दिवसाचा आकडा देत. फळ्यावर सहा रकाने कोरे राहत. एकदा त्या म्हणाल्या, "काकू, बाकीचे दिवस हवाच नव्हती का?" त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण काकूंना तो शब्द लागला. गवताच्या फुलोऱ्याचे दिवस सुरू झाले होते. हेच तर मोजायचे दिवस.

त्या आठवड्यात काकूंनी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं गुंडाळून ठेवलं. सातही काचपट्ट्या दोन दिवसांत मोजायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पदरानं पुसून त्या परत वाकायच्या. कण दोनाचे चार दिसत होते, पण हात सवयीनं वहीत मोजणीच्या काड्या मारत गेला. सोमवारी त्यांनी आकडा सांगितला. सिस्टर दचकून म्हणाल्या, "बाप रे! एवढा?" फळ्यावर आकडा लागला. त्या दिवशी दवाखान्यातून फोन करकरून लोकांना घरात थांबायला सांगितलं गेलं. एका बाईंनी नातवंडाला शाळेत पाठवलं नाही, आणि एक म्हातारे गृहस्थ दारंखिडक्या लावून घामाघूम होऊन बसले.

मंगळवारी सकाळी डोळे शांत असताना काकूंनी वही पुन्हा पडताळून पाहिली. तिसऱ्या काचपट्टीच्या चार ओळी त्यांनी दोनदा मोजल्या होत्या. एकोणीस वर्षांत पहिली चूक. त्यांनी दवाखान्याला फोन लावला. "सिस्टर, आकडा चुकला. माझा चुकला." सिस्टर समजुतीनं म्हणाल्या, "असू द्या हो काकू, होतं." त्या समजुतीनंच काकूंना जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. त्यांचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं पत्रांच्या वर्गवारीत काढलेली, त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद ते आधी पत्ता वाचून मग उघडत. भाजी निवडता निवडता काकूंनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या चौकटीपासून फोनपर्यंत.

यजमानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "पत्ता काय त्यांचा?"

"कुणाचा?"

"हे ज्यांनी केलंय त्यांचा. त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा."

"अहो, तिथं नोंदणी करावी लागते. पद लागतं."

"नोंदणीचं नाही विचारत मी. माणसाचा पत्ता आहे का कुठे? अगं, इतके दिवस तू संगणकवाल्याला भेटलीस, हेडक्लार्काला भेटलीस, साहेबाला भेटलीस. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला कुणी कळवलंच नाहीये अजून. पत्र नुसतं आपल्याच पोस्टात फिरतंय."

काकूंनी हातातली भाजी खाली ठेवली. पानाच्या अगदी तळाशी, त्या बारीक अक्षरांच्याही खाली, एक ईमेल होता खरा. 'अडचण असल्यास' असं त्याच्याआधी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी वीजबिलाच्या ईमेलवरून लिहिलं:

"नमस्कार. मी प्राध्यापक नाही. पीएच.डी. नाही. प्रयोगशाळेत सहायक आहे. एकोणीस वर्षं हवेतले परागकण हातानं मोजते. आता डोळे दुखतात आणि गेल्या आठवड्यात चूक झाली, त्यामुळे लोक विनाकारण घरात बसले. तुमचं सॉफ्टवेअर मोफत आहे पण मला मिळत नाही. माझ्याकडे संस्थेचा ईमेल नाही, कारण आमच्याकडे कुणी मागितला नव्हता. सगळ्या काचपट्ट्या जपून ठेवल्या आहेत, सात हजारांच्या आसपास असतील. मी 'इतर' आहे. काही करता येईल का?"

पाठवल्यावर त्यांना वाटलं, उगाच आपलं रडगाणं गायलं जगापुढे. पण दुसऱ्या दिवशी, पहिलं प्रात्यक्षिक चालू असताना, उत्तर आलं. कुठल्या समितीचं नाही. एका बाईंचं. ते सॉफ्टवेअर त्यांनी एकटीनं लिहिलं होतं.

"ताई, माफ करा. ती सहा पर्यायांची यादी मी एका दुपारी जेवायला उठायच्या आधी घाईघाईत लिहिली होती. तिच्यामुळे कुणाची एवढी पायपीट होईल असं वाटलं नव्हतं. 'कृपया स्पष्ट करा' या चौकटीत काय लिहिलंय ते मी आजवर कधी वाचलेलं नाही. संस्थेचा ईमेल एवढ्यासाठीच मागते, की यंत्रं खोटी खाती उघडतात. तुम्ही यंत्र नाही हे दिसतंच आहे. तुमचं खातं चालू केलंय. एक विचारू? सात हजार काचपट्ट्या खरंच आहेत? टाकून नाही ना दिल्या कुणी?"

काकूंनी ते तीनदा वाचलं. आधी हसू आलं, मग संताप आला, मग परत हसू आलं. साडेतीन महिने, अकरा सह्या, एक फाइल, एक अहवाल, आणि पहिल्या वर्षाचा प्रवेश थोडक्यात वाचला. आणि हे सगळं कुणाच्या तरी जेवणाची वेळ झाली होती म्हणून! मुलं वळून बघायला लागली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

काचपट्ट्या जिन्याखालच्या कपाटात बुटांच्या खोक्यांत होत्या. ते कपाट रिकामं करायचं विभागप्रमुखांनी दोनदा काढलं होतं, आणि दोन्ही वेळा काकूंनी किल्ली हरवल्याचं सांगितलं होतं.

दुपारी सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतल्या संगणकावर उतरलं. काकूंनी आधी मोजलेल्या एका काचपट्टीचे फोटो त्याला दिले. काकूंचा आकडा एकशे सदतीस. सॉफ्टवेअरनं पाच सेकंदांत सांगितलं, चारशे बारा.

काकू पडद्याजवळ सरकल्या. त्यानं कशाकशाला कण म्हटलंय याचे गोल काढून दाखवले होते. हवेचे बुडबुडे? कण. रंगाची गुठळी? कण. एका किड्याचा पाय होता, तोसुद्धा कण. आणि पाइनच्या एकेका कणाचे दोन कान आणि मधलं अंग वेगवेगळं धरून त्यानं एकाचे तीन केले होते.

"अरे देवा," काकू म्हणाल्या, "हे तर पहिल्या वर्षाचं आहे."

पहिल्या वर्षाच्या मुलांना कसं शिकवायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी चुकांची यादी केली आणि बाईंना पाठवली. बुडबुड्याची कड काळी आणि जाड असते, कणाची तशी नसते. गुठळीला भिंत नसते. कान अंगाला जोडलेले आहेत का ते आधी बघावं. बाई सुधारून पाठवायच्या, काकू परत काचपट्टी द्यायच्या, परत यादी जायची. हे दोन आठवडे चाललं. चारशे बाराचे दोनशे झाले, दोनशेचे एकशे सत्तर, आणि शेवटी एकशे एक्केचाळीस.

चारचा फरक राहिला. सॉफ्टवेअरचं चुकतंय असं लिहायला काकूंनी घेतलं होतं, पण हात थांबला. डोळे शांत होते, आठवड्याची एक काचपट्टी बघायची मुभा होती. त्यांनी तीच लावली आणि ते चार गोल एकेक करून शोधले. दोन बुडबुडे होते. दोन खरंच गवताचे कण होते, पट्टीच्या कडेला दडलेले, आणि ते काकूंच्या नजरेतून सुटले होते. त्यांनी वहीत एकशे सदतीस खोडलं, एकशे एकोणचाळीस लिहिलं आणि बाजूला सही केली. बाईंना कळवलं, "दोन तुमचे चुकले, दोन माझे."

सोमवारी सिस्टरांना सातही दिवसांचे आकडे मिळाले. "आली का हवा?" त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

खरेदी समितीचा निर्णय त्यानंतर महिन्यानं आला. सदर निःशुल्क व आकाररहित वस्तू एक वर्षासाठी प्रायोगिक तत्त्वावर वापरण्यास हरकत नाही. वापर संपल्यावर ती सुस्थितीत भांडारात जमा करावी. काकूंनी सही करून कागद घेतला. हेडक्लार्क समाधानानं म्हणाले, "बघा, रीतीनं गेलं की होतं काम."

विभागप्रमुख दौऱ्यावरून आले तेव्हा त्यांच्या केबिनमधलं सॉफ्टवेअर न वापरल्यामुळे बंद पडलं होतं आणि ते पासवर्ड विसरले होते. काकूंचे आकडे मात्र तयार होते, एकोणीस वर्षांचे, वह्यांतले आणि काही काचपट्ट्या पुन्हा तपासून बघितलेले. सरांनी ते पाहिले, आणि खरं म्हणजे पहिल्यांदाच नीट पाहिले. वर्षभरानं त्यांचा आठवा शोधनिबंध तयार झाला. या वेळी त्यात काकूंचं नाव होतं. आभारांत नाही, वर, लेखकांमध्ये, तिसऱ्या क्रमांकावर. ते तिथे कसं आलं याबद्दल सर म्हणत की आपला आग्रह होता. सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी दुसरी लेखिका म्हणून सही करायला कुणाच्या नावाची अट घातली होती, ते फक्त सर आणि बाई जाणोत.

सरांनी प्रत काकूंपुढे धरली. काकूंनी वाचलं. चौथ्या तक्त्यात दोन आकडे उलटसुलट झाले होते आणि त्यांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं.

"गेलं हो छापायला," सर हळहळले. "आता काही होत नाही. आणि आपल्याला माहीत आहे ना तुम्ही कोण ते."

काकू "बरं" म्हणाल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी नियतकालिकाच्या पानाच्या तळाशी जाऊन संपादकांचा पत्ता शोधला आणि चार ओळी लिहिल्या. अमुक तक्ता, अमुक आकडे, आणि माझं आडनाव असं लिहितात. संध्याकाळच्या आत उत्तर आलं: आभारी आहोत, दुरुस्त केलं आहे.

दोन दिवसांनी सर प्रयोगशाळेत आले. चेहरा जरा पडलेला होता.

"काकू, तुम्ही थेट संपादकांना लिहिलंत?"

"हो."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं सर. तुम्ही म्हणालात, आता काही होत नाही."

टेबलावर काचपट्टी लावलेली होती. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी स्टूल ओढलं, टाय बाजूला सारला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ त्यांनी चाक इकडून तिकडे फिरवलं.

"काहीच दिसत नाही हो."

"दिवा लावा, सर," काकू म्हणाल्या.

सरांनी चाचपडून बटण दाबलं. मग ते चाक हळूहळू फिरवत एकेक ओळ बघत राहिले. काकूंनी त्यांना घाई केली नाही. त्या कपाटाकडे गेल्या आणि पुढचं खोकं उघडून बसल्या.